मातृत्वाचा खर्च कोणी सोसावयाचा?



मातेच्या थोरवीविषयी बोलणाऱ्या वक्त्यांची आपल्या देशात कधी वाण नव्हती. ते काम मी त्यांच्याकडेच सोपविते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचे काम त्या मानाने रुक्ष असते. एखाद्या गोष्टीसाठी किती खर्च येतो, तो कोणाच्या खिशातून जातो आणि लाभ कोणाच्या पदरी पडतो, एवढेच त्याला पाहावयाचे असते. मातृत्वाला हेच तीन प्रश्न लावून पाहावेत, हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. स्त्री-पुरुष प्रमाण, माता मृत्यू, श्रमशक्तीतील स्त्रियांचा सहभाग हे विषय आपण स्पर्धा परीक्षेसाठी निरनिराळ्या प्रकरणांत वाचता. माझ्या मते ती एकाच हिशेबाची निरनिराळी पाने आहेत.

प्रारंभ एका न्यायालयीन निर्णयापासून करू. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूर येथे एका समारंभाच्या मंडपाला आग लागली आणि अनेक स्त्रिया व मुले मृत्युमुखी पडली. नुकसानभरपाईचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा पेच असा पडला, की मृत स्त्रियांपैकी अनेक जणी गृहिणी होत्या. भरपाई ठरविताना मृत व्यक्तीचे उत्पन्न विचारात घेतात. ज्या स्त्रीला वेतनच नव्हते तिचे उत्पन्न किती मानावयाचे? लता वाधवा विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात २००१ साली न्यायालयाने ३४ ते ५९ वर्षे वयोगटातील गृहिणीच्या सेवेचे मूल्य दरमहा ३,००० रुपये धरले. पुढे २०१० साली अरुणकुमार अग्रवाल खटल्यात न्यायालयाने गृहिणींची गणना भिकारी व कैदी यांच्यासमवेत अनुत्पादक गटात करणाऱ्या जनगणनेच्या वर्गीकरणावर कठोर शब्दांत टीका केली. २०२१ सालच्या कीर्ती खटल्यात तर वेळेच्या वापराच्या सरकारी सर्वेक्षणातील आकडेच निकालपत्रात आले. २०११ च्या जनगणनेत घरकाम हा आपला मुख्य व्यवसाय म्हणून सांगणाऱ्या सुमारे १६ कोटी स्त्रिया आणि केवळ ५८ लाखांच्या आसपास पुरुष होते, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले.

तात्पर्य, गृहिणीच्या आणि मातेच्या कामाचे रुपयांत मोजमाप करण्याची सोय आपल्या व्यवस्थेत आहे. मात्र ती स्त्री अपघातात दगावल्यावरच हे मोजमाप होते. हयातीत तिचे काम हिशेबाबाहेर राहते.

हे असे का होते? ए. सी. पिगू यांनी दाखविलेली विसंगती आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. वास्तविक घरातील काम तेच राहते. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीने उत्पादनाची एक सीमारेषा आखली आहे. घरासाठी पाणी आणणे, सरपण गोळा करणे या वस्तूंच्या उत्पादनाशी संबंधित क्रिया या रेषेच्या आत येतात. स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचे संगोपन, आजाऱ्यांची शुश्रूषा या विनामूल्य सेवा मात्र बाहेर राहतात. आपल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात अशा स्त्रियांसाठी दोन सांकेतिक क्रमांक आहेत: केवळ घरकाम करणाऱ्यांसाठी ९२, आणि घरकामासमवेत सरपण, चारा, शिवणकाम आदी कुटुंबाच्या उपयोगाची कामे करणाऱ्यांसाठी ९३. दोन्ही गट श्रमशक्तीच्या बाहेर मोजले जातात. म्हणजे डोक्यावरून मोळी आणणाऱ्या स्त्रीची मोळी सिद्धान्ततः राष्ट्रीय उत्पन्नात धरण्यास पात्र आहे. तिला स्वतःला मात्र कामगारांच्या गणतीत स्थान नाही. परीक्षेत ९२ आणि ९३ मधील फरक विचारला गेला, तर ही विसंगतीही एका वाक्यात अवश्य नोंदवा.

या न मोजलेल्या कामाचा आकार आता आपल्याला ठाऊक आहे. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत प्रायोगिक पाहणी झाली. त्यानंतर २०१९ मध्ये प्रथमच संपूर्ण देशासाठी आणि पुन्हा २०२४ मध्ये वेळेच्या वापराचे सर्वेक्षण करण्यात आले. २०२४ च्या सर्वेक्षणानुसार विनामूल्य घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. मुलांची व वृद्धांची काळजी घेण्यात स्त्रियांची १३७ आणि पुरुषांची ७५ मिनिटे जातात. ही सरासरी केवळ ती कामे करणाऱ्यांची आहे, हे ध्यानात ठेवावे. जे पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत ते या ८८ मिनिटांच्या हिशेबात नाहीत, आणि त्यांची संख्या फार मोठी आहे.

आता या हिशेबातून मुलीच्या मूल्याकडे वळू. प्रणव बर्धन यांनी १९७४ साली एका निबंधात असा विचार मांडला, की उत्तरेकडील गव्हाच्या प्रदेशापेक्षा पूर्व व दक्षिणेकडील भाताच्या प्रदेशात मुलींच्या जगण्याचे प्रमाण अधिक दिसते, त्याचे एक कारण भातलावणीला लागणारे स्त्रियांचे श्रम हे असावे. जिथे तिच्या हातांना शेतात मागणी, तिथे तिच्या पोटात दोन घास अधिक. हे स्पष्टीकरण पुरेसे नाही, हे खरे. विवाहाच्या रूढी, लेक किती दूरच्या गावी द्यावयाची, संपत्तीत तिला वाटा आहे की नाही, यांचाही प्रभाव असतो. पण मुलीचे मूल्य कुटुंबाच्या लेखी तिच्या दृश्य मिळकतीशी जोडलेले असते, हा त्यातील गाभा टिकून आहे. अमर्त्य सेन यांनी १९९० साली जगभरातील दहा कोटींहून अधिक ‘हरवलेल्या स्त्रियां’चा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा घराबाहेरील मिळकत, शिक्षण आणि मालमत्तेचा हक्क यांवरच त्यांनी भर दिला होता.

यावरून समृद्धी आली की भेदभाव आपोआप ओसरेल, अशी अपेक्षा होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात उलटे घडले. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण देशात १९९१ साली ९४५ होते, ते २००१ मध्ये ९२७ आणि २०११ मध्ये ९१९ झाले. २००१ मध्ये पंजाबात ते ७९८ होते, आणि उसाच्या समृद्धीसाठी ख्यात असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात ८३९. पैसा आला तसे तंत्रज्ञान परवडू लागले, आणि कुटुंब लहान ठेवावयाचे तर त्या एकदोन अपत्यांत मुलगा हवाच, हा हट्ट अधिक धारदार झाला. प्रभात झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पहिली मुलगी असलेल्या घरांत १९९७ साली दुसऱ्या अपत्यांमध्ये दर हजार मुलांमागे केवळ ७५९ मुली जन्माला आल्या होत्या, आणि शिकलेल्या मातांच्या घरांत ही तूट अधिक होती. शिक्षण हा सर्व रोगांवरील उतारा मानणाऱ्यांनी हा आकडा जपून ठेवावा.

कायदा नव्हता असेही नाही. गर्भलिंग निदानावर नियंत्रण आणणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला; केंद्राचा कायदा १९९४ चा असून १९९६ पासून अमलात आला व २००३ मध्ये गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीचा त्यात समावेश झाला. तरीही महाराष्ट्रातील बालकांमधील प्रमाण २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या व पाचव्या फेऱ्यांच्या दरम्यान जन्माच्या वेळचे प्रमाण देशपातळीवर ९१९ वरून ९२९ झाले आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, परंतु नैसर्गिक प्रमाण ९५० च्या आसपास असते.

मुलीच्या नावे ठेवपावती करून ती अठराव्या वर्षी देणाऱ्या योजना हरियाणाने १९९४ मध्ये सुरू केल्या व पुढे अनेक राज्यांनी स्वीकारल्या. त्यांच्यामागील सद्हेतूबद्दल मला शंका नाही. मात्र अठराव्या वर्षी हाती येणारी रक्कम अनेक घरांत लग्नाच्या खर्चाची तरतूद म्हणूनच पाहिली जाते, आणि मुलगी म्हणजे खर्च हे समीकरण सरकारी मोहोर लागून अधिक पक्के होते. त्यापेक्षा २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला जन्मतः दिलेला समान हक्क मला अधिक मोलाचा वाटतो. अर्थात तलाठ्याच्या दप्तरात बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करीत असतात तोवर तो बराचसा कागदावरच राहणार.

आता मी एका जिल्ह्याकडे थोडे सविस्तर पाहणार आहे, कारण मुलीचे मूल्य आणि मातृत्वाचा खर्च हे दोन्ही प्रश्न तिथे एकत्र भेटतात. बीड जिल्ह्यात बालकांमधील मुलींचे प्रमाण २००१ मध्ये ८९४ होते, ते २०११ मध्ये ८०७ झाले, राज्यात नीचांकी. याच जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जातात. या व्यवसायात मजुरीचे एकक व्यक्ती नसून ‘कोयता’ आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम हंगामापूर्वी जोडीला उचल देतो, मजुरी टनावर ठरते, आणि हिशेब पुरुषाशी होतो. स्त्री ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून वाहनापर्यंत नेते. त्याआधी पहाटे कोपीत भाकरी करते आणि मुलांना घेऊन फडात येते. इथे ती कोणत्याही व्याख्येनुसार कामगार आहे. पण तिची मजुरी स्वतंत्रपणे कुठे लिहिलीच जात नाही. घरकामात तिचे श्रम दिसत नाहीत हे आपण पाहिले. इथे पैसा मिळणारे श्रमही दिसत नाहीत.

कामाचा एक दिवस बुडाला तर त्याला ‘खाडा’ म्हणतात, आणि त्याबद्दल दंड कापला जातो. मासिक पाळी, गर्भारपण, बाळंतपण हे सारे या भाषेत खाडेच. २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली असल्याचे आढळले. वैद्यकीय दृष्ट्या अनावश्यक शस्त्रक्रिया किती, त्यात खासगी रुग्णालयांच्या नफ्याचा भाग किती आणि पाण्याविना, शौचालयाविना जगण्यातून आलेल्या आजारांचा किती, हा विवेचनाचा विषय आहे. मुलींचे घटलेले प्रमाण आणि या शस्त्रक्रिया यांत सरळ कार्यकारणसंबंध आहे, असेही मी म्हणत नाही. परंतु अर्थशास्त्रज्ञाला एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. जिथे मातृत्वाशी निगडित प्रत्येक दिवसाचा दंड स्त्रीने स्वतः भरावयाचा असतो, तिथे दोन-तीन मुले झाल्यावर ते अवयवच काढून टाकणे तिला परवडणारे वाटू लागते.

सार्वजनिक सेवाही बहुतांशी पत्त्याला बांधलेल्या आहेत. अंगणवाडीतील नोंद गावी, गर्भवतीचे कार्ड गावी आणि स्त्री मात्र दोनशे कोसांवर उसाच्या फडात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. गर्भारपण नऊ महिन्यांचे. दोन्हींची गाठ पडणे मुळीच दुर्मीळ नाही.

देशपातळीवर या क्षेत्रात मोठी प्रगती झाली आहे, हे नोंदविले पाहिजे. माता मृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे २००१-०३ मध्ये ३०१ होते, ते २०१९-२१ मध्ये ९३ पर्यंत खाली आले. २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेचा व ‘आशा’ कार्यकर्तींचा यात मोठा वाटा आहे. संस्थात्मक प्रसूती २००५-०६ मधील ३८.७ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेल्या. मात्र याच शेवटच्या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ५३.१ टक्के होते. बाळंतपण रुग्णालयात हलले, पण ताटात फारसा बदल झाला नाही, असा याचा अर्थ.

मग हा खर्च कोणी सोसावा? हा प्रश्न नवा नाही. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्याच परिषदेत प्रसूती संरक्षणाचा करार झाला, आणि त्यातच प्रसूतिकाळातील निर्वाह सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून व्हावा असे म्हटले होते. मुंबई प्रांताच्या विधिमंडळात १९२८ साली प्रसूती लाभ विधेयक चर्चेला आले तेव्हा गिरणीमालकांवर बोजा पडेल हा आक्षेप घेण्यात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा देताना केलेला युक्तिवाद अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावा. मातेला प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलावयास हवा, हे त्यांनी मान्य केले. पण सरकार तो उचलत नाही तोवर, स्त्रियांच्या श्रमातून नफा मिळविणाऱ्या मालकाने काही भार घेणे न्याय्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ चा मुंबईचा कायदा हा या विषयावरील देशातील पहिला कायदा ठरला.

जवळपास शंभर वर्षांनंतरही आपण त्या युक्तिवादाच्या दुसऱ्या भागावरच उभे आहोत. १९६१ चा प्रसूती लाभ अधिनियम २०१७ मध्ये सुधारण्यात आला, पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवडे करण्यात आली, आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर बंधनकारक झाले. याच तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेतील स्त्रियांना हा लाभ सामायिक निधीतून मिळतो. त्याबाहेरील स्त्रीचे वेतन मात्र संपूर्णपणे तिच्या मालकाने द्यावयाचे असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या करारात नेमके हेच टाळण्यास सांगितले आहे, कारण उघड आहे: खर्च एकट्या मालकावर पडला की तरुण विवाहित स्त्रीला नोकरीच न देण्याचा मोह वाढतो. रजा उदार असावी, आणि तिचा निधी सर्वांचा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरुष कर्मचाऱ्यांच्या वेतनावरही त्यासाठी वर्गणी बसावी. मुले काही एकट्या स्त्रियांची नसतात.

हा झाला संघटित क्षेत्राचा विचार. शेतात, बांधकामावर, घरोघरी राबणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना यातील काहीच लागू नाही. तमिळनाडूने १९८७ मध्ये डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावे गरीब मातांसाठी आर्थिक साहाय्य सुरू केले. केंद्रात २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाने गर्भवतीला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात, आणि २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये. दुसऱ्या मुलीसंबंधीची तरतूद विचारपूर्वक केलेली आहे. झा यांच्या अभ्यासातील तूट दुसऱ्या अपत्याच्या वेळीच दिसली होती, हे आठवावे. रकमेविषयी मात्र साधा गुणाकार करून पाहा. दरमहा १५,००० रुपये वेतन असलेल्या कारखान्यातील स्त्रीला २६ आठवड्यांत सुमारे ९०,००० रुपये मिळतात, म्हणजे असंघटित क्षेत्रातील पहिलटकरणीच्या अठरापट. शिवाय ६,००० चा आकडा २०१३ चा आहे, आणि त्यानंतरची भाववाढ पाहता तो आतापर्यंत किमान दीडपट व्हावयास हवा होता.

अशा व्याख्यानांनंतर विद्यार्थी हमखास विचारतात, मातृत्वाला पैशात मोजणे हा त्याचा अवमान नव्हे काय? सैनिकाला आपण वेतन देतो, निवृत्तिवेतनही देतो, आणि त्यामुळे त्याचे शौर्य उणे होत नाही. संगोपनाचे काम करणाऱ्या आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांना मात्र शासन अद्याप ‘मानधन’ देते. त्या शब्दात मान आहे आणि धन थोडे आहे. अंगणवाडी सेविका उपदानास पात्र आहेत, हे ठरण्यासाठी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. तमिळनाडूने २०२३ मध्ये कुटुंबप्रमुख स्त्रियांना दरमहा १,००० रुपये देण्यास प्रारंभ केला, तेव्हा योजनेच्या नावात ‘उरिमै’ हा शब्द घातला. त्याचा अर्थ हक्क. महाराष्ट्रात २०२४ मध्ये आलेल्या दरमहा १,५०० रुपयांच्या योजनेच्या नावात बहीण आहे. बहिणीला ओवाळणी मिळते. ती किती घालावयाची आणि केव्हा, हे भावाच्या हाती असते.